वडिलांकडचा जनुक गप्प का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ज्यापासून प्रथिन बनत नाही तो डीएनए निरुपयोगी, असं आम्ही कॉलेजात शिकलो. आपल्या विज्ञान पुरवणीतही परवा तेच वाचलं, म्हणून लिहिते आहे.

माझी मुलगी सात वर्षांची आहे. बादलीत नळाची धार पडू लागली की दोन्ही हात वर करून खळखळून हसते. रात्री तीनला उठून बसते. ‘आई’ अशी हाक मात्र अजून आलेली नाही. पाचव्या वर्षापर्यंत तिच्या फाइलवर ‘ऑटिझम’ लिहिलेलं होतं, आणि गुणसूत्रांची साधी तपासणी ‘नॉर्मल’ आली होती. नंतर कळलं, हा अँजेलमन सिंड्रोम आहे, म्हणजे मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा एक दुर्मिळ जनुकीय विकार.

याचं मूळ १५व्या गुणसूत्रावर आहे. यूबीई३ए या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. पण मेंदूच्या पेशींत वडिलांकडची प्रत गप्प असते. तिला गप्प बसवतो एक लांबलचक आरएनए (डीएनएवरून उतरवलेली नक्कल), ज्यापासून कुठलंही प्रथिन बनत नाही. म्हणजे तो ज्या डीएनएवरून उतरतो, तो ‘निरुपयोगी’ म्हणता येत नाही. इतर मुलांचं भागतं, कारण आईकडची प्रत चालू असते. माझ्या लेकीत नेमका माझ्याकडून आलेला तुकडा गळलाय. (तो बहुतेक वेळा आपोआपच गळतो, आईच्या हातून काही चुकलेलं नसतं, हे ऐकेपर्यंत मी स्वतःला फार दोष दिला.) वडिलांकडची प्रत तिच्यात धडधाकट आहे, फक्त झोपवलेली.

अमेरिकेतल्या संशोधकांनी त्या आरएनएलाच तोडणारं औषध देऊन उंदरांमध्ये ही प्रत जागी केली. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. आता अशी औषधं पाठीच्या मणक्यातून टोचून रुग्णांवर तपासली जात आहेत. २०२०मध्ये पहिल्याच चाचणीत पाच जणांच्या पायांतली ताकद कमी झाली, चाचणी थांबवावी लागली. ते सावरले, डोस बदलून काम पुन्हा सुरू झालं. घाई नको, हे मलाही पटतं.

पण निदान तरी वेळेत व्हावं. बोलणं नाही, फिट्स येतात, चाल डगमगती आणि सतत हसू, असं मूल दिसलं तर डॉक्टरांनी रक्ताची डीएनए मेथिलेशन चाचणी (डीएनएवरच्या रासायनिक खुणा पाहणारी) सांगावी. अँजेलमन असलेल्या सुमारे ८० टक्के मुलांचं निदान तिच्यातच होतं. १५ फेब्रुवारीला अँजेलमन दिन असतो. त्या दिवशी पुरवणीत या चाचणीची माहिती छापाल का?

आपली,
एक आई, नाशिक