ऊलाँग उकळायचा नसतो हो

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

परवाच्या आरोग्य पुरवणीत ऊलाँग टी वर अर्धं पान आलंय, पोट कमी करायला ग्रीन टीचाच एक प्रकार म्हणून, आणि खाली कृती काय तर चमचाभर पत्ती दहा मिनिटं उकळा, लिंबू पिळा, उपाशीपोटी घ्या. आमच्या हिने वाचलं आणि लगेच करून पाहिलं. काढा झाला हो नुसता, कडूजहर, आणि भाच्याने एवढ्या लांबून आणलेली पत्ती सिंकमध्ये गेली म्हणून हे पत्र.

भाचा अंबडला एका कंपनीत आहे, मशीन बघायला चीनमधल्या शियामेन बंदराला गेला होता, त्याच भागात आन्शी म्हणून तालुका आहे तिथला हा चहा, नाव तिएग्वानयिन. यातली ग्वानयिन म्हणजे आपला अवलोकितेश्वरच, अजिंठ्याला एक नंबरच्या लेण्यात हातात कमळ घेऊन उभा आहे तो, चीनमध्ये जाऊन त्याची देवी झाली. आणि इंग्रजीतला 'टी' हा शब्दसुद्धा त्याच किनाऱ्यावरच्या बोलीतून गेलाय, तिथे चहाला 'ते' म्हणतात, आपला चहा मात्र 'छा' वाल्यांकडून आलाय. असो.

तर ऊलाँग हा ग्रीन टी नाही. झाड एकच, पण ग्रीन टीचं पान तोडल्यावर लगेच गरम करून थांबवतात, काळ्या चहाचं पूर्ण लाल होऊ देतात आणि ऊलाँग मधेच अडवतात. पानं उन्हात जरा मलूल करायची, मग बांबूच्या सुपासारख्या ताटात घोळवायची, थांबायचं, परत घोळवायची, असं बराच वेळ चालतं. त्यात पानाच्या कडा चेचल्या जातात आणि वांगं चिरून ठेवलं की कसं काळं पडतं तसं त्या कडाच लाल पडतात, मधलं पान हिरवंच. वास हवा तसा आला की गरम कढईत टाकून थांबवायचं, मग फडक्यात बांधून मळून मळून गोळ्या. २०२२ मध्ये युनेस्कोने चीनच्या चहा बनवायच्या पारंपरिक पद्धती वारसा यादीत घेतल्या त्यात हा प्रकारही आहे, आणि आपण लिंबू पिळतोय.

भाच्याने सात-सात ग्रॅमच्या पुड्या आणल्यात. स्टीलच्या वाटीत ओतल्या की मिरी पडल्यासारखा टणटण आवाज येतो. भिजल्यावर एकेक गोळीचं अख्खं पान उलगडतं, हिने एक उचलून बशीत पसरलं तर हिरव्या अंगाला कडेने बारीक लालसर काठ, म्हणाली ही तर येवल्याची पैठणी.

आता कृती. तिकडे झाकणाची छोटी वाटी वापरतात, शंभर-सव्वाशे मिली मावेल एवढीच, आमच्याकडे कुठली असायला, चिनीमातीचा कप आणि वर बशी उपडी (लोणच्याची बरणी घेऊ नका, मी घेतली होती, वास आठवडाभर जात नाही). पत्ती पाच ते सात ग्रॅम, म्हणजे आपल्याला अंगावर येईल एवढी. पाणी चांगलं खळखळतं हवं, आपलं नाशिक ६०० मीटर उंचीवर असल्याने पाणी ९८ डिग्रीलाच उकळतं, ते चालतं. पहिलं पाणी घालून लगेच ओतून द्यायचं, गोळ्या ओल्या होण्यापुरतं. मग परत पाणी, झाकण, पंधरा-वीस सेकंद आणि लगेच सगळं गाळून घ्यायचं, थेंबभर पण आत ठेवायचं नाही. त्याच पत्तीवर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, दरवेळी थोडं जास्त थांबायचं, सहा-सात वेळा आरामात निघतो. आपली सीटीसी पत्ती दाणेदार, तिचं सगळं एका दमात निघतं, ती दूध घालून उकळायलाच बनवलीय, हे पान अख्खं आहे, हळूहळू सुटतं, उकळलंत तर सगळा कडूपणा एकदम बाहेर येणारच ना.

चव म्हणाल तर पहिल्या कपात निशिगंधाजवळून गेल्यासारखा वास, बाकी फार काही नाही. खरा तिसरा कप. गिळल्यावर काही नाही आणि मग मागून घशात गोडी येते, आवळा खाऊन पाणी प्यायलं की येते ना, अगदी तीच. एक दिवस सोसायटीत टँकरचं बोअरचं पाणी होतं तर वरती साय धरल्यासारखा तवंग आणि चव मेलेली, गंगापूर धरणाचं नळाचं आलं तेव्हा परत जमला.

याच प्रांतात वूयी डोंगरात दुसरा ऊलाँग होतो, कोळशावर भाजलेला, रंग तांबडा, त्यातला दा होंग पाओ फार नावाजलेला, त्याची कड्यावरची सहा जुनी झुडपं आहेत त्यांची तोडणी २००६ पासून बंदच केलीय. तो मी अजून प्यायलो नाही. कॉलेज रोडला एका कॅफेत मेनूत ऊलाँग दिसला म्हणून मागवला तर आली टी बॅग, सोबत दुधाची किटली.

वजनाचं म्हणाल तर माझं आहे तिथेच आहे. आणि यात कॅफिन असतं हे तुमच्या लेखात कुठेच नव्हतं, रात्री जेवणानंतरही घ्या असं मात्र लिहिलंय, मी घेतला, दोन वाजेपर्यंत पंखा बघत होतो.

तेवढी दुरुस्ती छापा, आणि पुढच्या वेळी ऊलाँग आरोग्याच्या पानावर नको, खाण्यापिण्याच्या पानावर टाका.

आपला जुना वाचक,
गंगापूर रोड, नाशिक
(नाव छापू नये, भाचा वाचतो)