पंचगंगेत पोहायला शिकलेल्या पोराला

बाळा,

काल जेवताना तू एवढंच म्हणालास की रविवारी पोरं मिळून गणपतीपुळ्याला जाणार आणि मी नुसतं हं म्हटलं. समोर बोलायला गेलो की तू मोबाईलमध्ये बघणार आणि माझा आवाज चढणार, म्हणून इथं टाईप करतोय, निवांत वाच. जाऊ नको म्हणत नाही मी.

तुला पोहता येतंय ना, त्याचीच भीती वाटते बघ. ज्याला येत नाही तो गुडघाभर पाण्यात फोटो काढून माघारी येतो. तुला घाटावर पाठीला डबा बांधून मीच पंचगंगेत ढकललेलं, आता विहिरीत काठावरनं सूर मारतोस, मला कौतुकच आहे. पण विहिरीला काठ असतोय धरायला, नदी एकाच दिशेनं जाते, समुद्राचं तसं काही नसतंय.

तुझ्याएवढा असताना आम्ही सहाजण जीपनं आंबा घाटातनं पुळ्यालाच गेलतो. पाणी छातीएवढं होतं, एक लाट आली आणि पायाखालची वाळूच निघून गेली, वळून बघतोय तर देऊळ एवढंसं दिसालतं. मी किनाऱ्याकडं तोंड करून जीव तोडून हात मारायला लागलो आणि आहे तिथंच, उलट अजून आत. एक शहाळीवाला काठानं पळत दोन्ही हातांनी खुणा करत होता, आडवा ये, आडवा ये! थोडा आडवा सरकलो आणि पुढच्या लाटांनीच मला वाळूवर आणून टाकलं. तुझ्या आज्जीला हे अजून माहीत नाही, तू सांगू नकोस.

नंतर कळलं ते काय होतं. लाटांनी काठाला आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि जिथं वाळूत खोलगट भाग सापडेल तिथनं ओढ्यासारखं आत धावतं. जोराची ओढ असली तर सेकंदाला 2 मीटरच्या पुढं, म्हणजे आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे, जो 2008 ला ऑलिंपिकला जाऊन आला, त्यानंसुद्धा उलट पोहून उपयोग नाही. आणि गंमत म्हणजे ती जागा वरनं सगळ्यात शांत दिसते, दोन्हीकडं पांढऱ्या लाटा फुटतायत आणि मधेच एक गढूळ सपाट पट्टा, फेस आत चाललेला. नवखी माणसं नेमकी तिथंच उतरतात. सापडलासच तर दम घालवू नको, पाठीवर तरंग, हात वर कर, किनाऱ्याला समांतर सरक.

2017 च्या एप्रिलमध्ये मालवणच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावच्या कॉलेजची 8 माणसं बुडून गेली, आठवतंय का, तू शाळेत होतास. आपल्यासारख्याच घाटावरच्या घरातली.

पुळ्याला जीवरक्षक असतात, त्यांनी शिट्टी मारली की बाहेर यायचं, वाद घालायचा नाही. ग्रामपंचायतीनं नेमलेली गावातलीच पोरं असतात ती, त्यांना त्या किनाऱ्याचा खड्डा न खड्डा माहीत असतोय आणि आपण त्यांनाच म्हणतो ए जा रे, तुझा काय संबंध. तांबडा बावटा एकटा असेल तर पाण्यात पाऊलही नको. अर्धे तांबडे अर्धे पिवळे असे दोन बावटे लावलेले दिसले तर त्या दोघांच्या मधेच पोहायचं. गोव्यात 2008 पासून पगारी जीवरक्षकांची मोठी सोय आहे, आपल्याकडं किनारा लांबलचक आणि माणसं थोडी, तेव्हा निर्जन बीच शोधत बसू नका.

आणि आता जून आहे रे. 1 जून ते 31 जुलै कोळी लोकांची मासेमारी बंद असते, ज्याचं पोट समुद्रावर तो होडी वर ओढून ठेवतो आणि आपण कोल्हापुरातनं जाऊन उतरणार, हे काय बरोबर आहे का? ह्या खेपेला पाय भिजवा, मोदक खा, कणीस खा, बास. पोहायचं ते दिवाळीनंतर, मी पण येतो.

बुडणारा माणूस ओरडत नाही हेही लक्षात ठेव, तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतंय, ओरडायला श्वासच नसतो. कोण गप्प झालं की बघा. त्याला धरायला मात्र तू उडी मारायची नाहीस, तो तुझ्या गळ्याला मिठी मारेल आणि दोघं जाल. दोर टाक, ट्यूब टाक, जीवरक्षकाला हाक मार, 112 ला फोन कर. बाहेर काढलेल्याला उलटं टांगून गरगर फिरवतात, पोट दाबतात, तसलं काही करू द्यायचं नाही. श्वास चालू नसेल तर आधी नाक दाबून तोंडानं श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, 108 येईपर्यंत. रात्री मी दाखवतो, उशी घेऊन.

गाडीच्या डिकीत ट्रकची जुनी ट्यूब आणि वीस-पंचवीस फूट दोर टाकलाय, हवा भरून बघितलीय, जागा नाही म्हणून काढून ठेवू नकोस.

पप्पा