मागासपणाची फूटपट्टी

महोदय,

आर्थिकदृष्ट्या खचलेल्या भागांना सवलती द्यायला कोणाचीच ना नसते. मेख असते ती भाग ठरवण्यात. अमेरिकेने 2017च्या करकायद्यात 'ऑपॉर्च्युनिटी झोन', म्हणजे गुंतवणूकदारांना करसवलत मिळणारे गरीब भाग, आणले. ढोबळमानाने, गरिबीचे प्रमाण किमान 20 टक्के किंवा कुटुंबांचे मध्यक उत्पन्न (निम्मी कुटुंबे ज्याच्या खाली असतात ते) आसपासच्या मोठ्या प्रदेशाच्या 80 टक्क्यांच्या आत, असा भाग त्या कायद्यात पात्र होता. त्यातून निवड करायची राज्यांच्या गव्हर्नरांनी. कागदावर चोख! पण विद्यापीठालगतच्या वस्तीत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्याचे उत्पन्न जवळपास शून्य दिसते. घरून येणारे पैसे हिशेबात नसतात. मग अशा वस्त्याही 'गरीब' ठरल्या, आणि गुंतवणूकदार साहजिकच तिथे आधी पोचले.

ब्रिटनमध्ये 1981पासूनच्या एंटरप्राइझ झोनची तऱ्हा वेगळी. तिथे स्थानिक मालमत्ता कर माफ होता. हद्दीबाहेरचे काही उद्योग नुसतेच हद्दीच्या आत सरकले आणि जागामालकांनी भाडे चढवून माफीचा बराच वाटा खिशात घातला. रोजगार रस्त्याच्या या बाजूचा त्या बाजूला गेला, एवढेच.

भारताच्या 2018च्या, मागास जिल्ह्यांसाठीच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात आरोग्य, शिक्षण धरून 49 निर्देशांक आहेत, हे त्यामानाने बरे. तरी जिल्हा हे एकक फार मोठे. सरासरीत एखादा तालुका सहज बुडतो.

आणखी एक. सवलत बहुधा भांडवलावर मिळते, मजुरीवर नाही. यंत्र आणले की करमाफी, माणूस ठेवला तर काय?

– एक वाचक