रात्री अकरानंतरची चौकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी रात्री पावणेबारा ते अडीच मी टीव्हीवर ‘पुराना मंदिर’ हा जुना हिंदी भुताचा सिनेमा बघितला. रविवारी सकाळी शनिवारचा तुमचा अंक रद्दीतून बाहेर काढला आणि या सिनेमाची एखादी ओळ तरी कुठे छापली होती का ते शोधलं. नव्हती. म्हणून हे पत्र.

मी इचलकरंजीत छत्तीस वर्षं यंत्रमागावर होतो. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी, बारा-बारा तास. माग सोडून सात वर्षं झाली, तरी आठवड्याआड झोप उडते ती उडतेच. मालकाचा हिशेब मिटला, अंगाचा मिटलेला नाही. घर झोपलं की मी बाहेरच्या खोलीत आवाज अगदी बारीक करून बसतो आणि रिमोटनं एकेक चॅनेल उतरत जातो. असंच उतरता उतरता त्या रात्री ‘पुराना मंदिर’मधला सैतान, सामरी, भेटला. त्याचं मुंडकं अजून धडावरच होतं, म्हणजे सिनेमा नुकता सुरू झालेला.

ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोनशे वर्षांपूर्वी एक राजा सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं उडवतो. धड जुन्या देवळापाशी पुरतात, मुंडकं पेटीत घालून वाड्यात ठेवतात. मरता मरता सामरी शाप देतो, तुझ्या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. पुढं त्या घराण्यातली कॉलेजात जाणारी पोरगी, तिचा मित्र, त्याचा धिप्पाड दोस्त आणि त्याची बायको असे सगळे त्या वाड्यावर जातात. का जातात ते विचारू नये. न जातील तर पेटी कोण उघडणार?

१९८४ चा हा सिनेमा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा एकवीस वर्षांचा होतो. शेवटचा खेळ होता, मागावरचा जोडीदार बरोबर होता. थेटरात आम्ही मोठमोठ्यानं हसलो, शिट्ट्या मारल्या. घरी चालत निघालो तरी काही वाटत नव्हतं, कारण दोन्ही बाजूंना शेडमधून माग धडधडत होते. निम्म्या वाटेवर लाईट गेली. सगळ्या भागातले माग एकदम थांबले. बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. इचलकरंजीच्या माणसाला आवाजाची भीती वाटत नाही, आवाज थांबला की वाटते. त्या शांततेत कुठंतरी एक पत्रा वाजला आणि आम्ही दोघं जे पळालो ते थेट घरात. जोडीदाराची एक चप्पल वाटेतच राहिली. दुसऱ्या दिवशी आणायलाही तो एकटा गेला नाही.

आता भीती वाटत नाही. आता मी तो सिनेमा तागा तपासावा तसा बघतो. मागावरचं कापड टेबलावर उलगडून नजरेखालून घालायचं काम मी शेवटची चार वर्षं केलं. कुठं धागा तुटला, कुठं जाळी पडली, कुठं आडवा धागा नेणारा धोटा अडकला, हे बोट न लावता दिसतं. ‘पुराना मंदिर’मध्येही दिसतं. धूर कुठून सोडलाय ते कळतं. रात्र म्हणजे निळा दिवा, संकट म्हणजे लाल दिवा. करकरणाऱ्या दाराला कुणी तेल म्हणून घालत नाही. आणि तरीही तो अजय अगरवाल नावाचा उंच माणूस सामरी होऊन अंधारातून पुढं यायला लागला की माझे पाय आपोआप खुर्चीवर जातात. धागा तुटलेला दिसतोय म्हणून कापड ऊब द्यायचं थांबत नाही, तसलाच प्रकार.

साडेबाराच्या सुमारास मंडळी पाणी प्यायला उठल्या. पडद्यावर तो धिप्पाड दोस्त होता. “हा दुर्योधन न्हवं?” म्हणाल्या. बरोबर होतं, पुनीत इस्सरच तो. ‘महाभारत’ नंतरचं. हिरो मोहनीश बहल, म्हणजे आपल्या नूतनबाईंचा मुलगा, हे सांगितल्यावर त्या बसल्याच. ललिता पवार दिसल्यावर तर त्यांना माहेरचं माणूस भेटल्यागत झालं. जगदीपचा मच्छरसिंग आला, तो ‘शोले’तल्या गब्बरची नक्कल करणारा डाकू, तेव्हा दोघंही तोंडावर हात धरून हसलो. आत नातवंडं झोपलेली. मग जाहिराती लागल्या आणि मंडळी उठता उठता म्हणाल्या, “मुंडकं उडवलं राजानं, आन् मरायचं बायकांनी. असला कसला शाप?” मी चाळीस वर्षं हा सिनेमा मनात घेऊन फिरतोय, माझ्या हे कधी लक्षात आलं नव्हतं. सामरी शूर वगैरे काही नाही, हे मला त्या रात्री मान्य करावं लागलं.

जाहिरातींचं एक वेगळंच. सिनेमात पेटी उघडायची वेळ आली की मधे वाईट नजरेपासून वाचवणारं लॉकेट विकायला एक गृहस्थ येतात. सामरीचं नाव ते घेत नाहीत, पण वेळ अचूक साधतात.

हे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंबद्दल मला जे वाटतं तेही लिहितो. वडील फतेहचंद रामसिंघानी फाळणीच्या वेळी कराचीहून मुंबईला आले. कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं. मुंबईत सिनेमाच्या धंद्यात पडले. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तेवढा तुकडा लोकांना आवडतोय, हे पोरांनी थेटरात बसून हेरलं. मग १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’. सगळं कुटुंब घेऊन महाबळेश्वरला गेले आणि तिथं शूटिंग केलं. सात भाऊ. कुमार लिहायचा, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेरा, किरण आवाज, अर्जुन संकलन, केशू निर्मिती सांभाळायचा.

आमच्याकडे चार मागांचा मालक असाच असतो. थोरला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, मधला सूत आणायला, धाकटा मागावर, घरातल्या बाया धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरणार. नोकर ठेवायला परवडत नाही म्हणून नव्हे फक्त, दुसऱ्याच्या हातात दिलं तर माल वेळेत निघणार नाही म्हणूनही. असल्या घरातलं कापड कधी मोठ्या गिरणीसारखं नव्हतं. पण खपत होतं, आणि अंगावर टिकत होतं. त्यांच्या सिनेमाला ‘बी ग्रेड’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा असल्या घराचा हिशेब बघावा. श्याम रामसे २०१९ साली गेले, गंगू २०२४ साली. पेपरात बातमी चार बोटं होती.

आता मुद्द्याचं. तुमच्या पेपरात पूर्वी दूरदर्शनच्या कार्यक्रमांची चौकट यायची. आमच्या शेडमध्ये ती कापून भिंतीला लावलेली असायची, आणि कुठल्या आठवड्यात कुणी पाळी बदलून घ्यायची ते त्यावरून ठरायचं. चॅनेलं शेकड्यानं झाली आणि चौकट गेली. सगळी छापा असं मी म्हणत नाही. दिवसाचं राहू दे, मालिका तर मंडळींना पाठ आहेत. फक्त रात्री अकरानंतरचे जुने सिनेमे, आणि तेही फक्त शनिवारी. राशिभविष्याला तुमच्याकडे निम्मं पान आहे, त्यातली दोन बोटं जागा पुरेल. कन्या राशीचं थोडं आखडतं घेतलंत तर माझी हरकत नाही, ती माझीच रास आहे.

मोबाईलवर सगळं मिळतं असं नातू सांगतो. त्यानं मला ‘पुराना मंदिर’ लावूनही दिला, दुपारी, चहाबरोबर. दहा मिनिटांत बंद केला. दुपारी सामरी काय कामाचा?

पत्र छापलंत तर नाव छापू नये. मंडळींनी शापाबद्दल काय म्हटलं ते छापावं, त्यांची हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार, इचलकरंजी

ता. क. : काल रात्री ‘वीराना’ निम्म्यावर सापडला. आधीचं निम्मं कुठल्या शनिवारी पुन्हा लागणार आहे ते कळलं तर बरं होईल.