तहसीलदार व्हायचं, ते कशासाठी?

चि. राणी,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मला तहसीलदारच व्हायचंय, हे माझं स्वप्न आहे." बाबा खूश झाले. मी गप्प राहिले, ते तुला लागलं असणार. माझा विरोध नाही गं. पण तहसील कार्यालयात अव्वल कारकून म्हणून इतकी वर्षं काढल्यावर यावर तुझ्याशी सविस्तर बोलावंसं वाटलं, म्हणून हे पत्र.

हे स्वप्न तुझ्याकडे आलं कुठून, ते आधी बघ. आपल्याकडे एमपीएससीचा निकाल लागला की जेसीबीतून गुलाल उधळतात, चौकात फ्लेक्स लागतो, शाळेत सत्कार होतो. तू शाळेत होतीस तेव्हापासून हे बघते आहेस. आता सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत डावीकडच्या मुलीला तेच हवंय, उजवीकडच्या मुलालाही तेच, आणि चहाच्या टपरीवर दुसरा विषय नाही. तिथे राहून वेगळं काही हवंसं वाटणंच कठीण.

प्रत्येक पिढीला असं काहीतरी हवं असतं. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि बघता बघता ज्या घरांत कोणी इंजिनिअर पाहिलाही नव्हता, तिथली मुलं इंजिनिअर व्हायचं म्हणू लागली. मुलं काही अचानक यंत्रांच्या प्रेमात पडली नव्हती, दार उघडलं होतं. तुझी मावशी डी.एड.ला गेली, कारण तिच्या सगळ्या मैत्रिणी जात होत्या. पुढे भरतीच थांबली. तिला शिकवायला आवडतं का, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं, आणि तिनंही ते स्वतःला विचारलं नव्हतं.

इच्छा बाहेरून येते यात कमीपणा काही नाही. माझी तरी कुठे माझी होती? तुझ्या आजीला पोस्टात अंगठा लावावा लागायचा. खिडकीपलीकडच्या बाईंना भराभर सह्या करताना पाहून तिनं ठरवलं, माझी मुलगी नोकरी करणार. मी तिची इच्छा घेऊन नोकरीला लागले. मग हळूहळू कळलं की एखाद्याची अडलेली फाइल शोधून, कागद लावून, काम मार्गी लावणं मला मनापासून आवडतं. तेव्हा कुठे ती इच्छा माझी झाली.

तुझ्या बाबतीत मला एवढंच जाणून घ्यायचंय: गुलाल वजा केला तर काय उरतं? तहसीलदाराचा दिवस मी रोज बघते. शेतरस्त्याचा दावा घे. सख्ख्या भावाने भावाचा रस्ता अडवलेला असतो. मामलेदार कोर्ट अधिनियम 1906, कलम 5, एवढं तुला पुस्तकात मिळेल. पण साहेब स्थळपाहणीला जातात तेव्हा बांधावर दोन्ही घरच्या बायका रडत असतात, म्हातारा बाप कोणाच्याच बाजूने बोलत नाही, आणि ऊन डोक्यावर असतं. दोघांचं शांतपणे ऐकून निर्णय द्यायचा, आणि एक घर कायमचं नाराज होणार हे धरून चालायचं. वर गारपिटीचे पंचनामे, दाखल्यांच्या रांगा, निवडणुकीचं काम. हे वाचून तुला आत कुठेतरी "मला हे करायचंय" असं वाटलं, तर खुशाल जीव तोडून अभ्यास कर, मी पाठीशी आहे. आणि फक्त मिरवणूकच दिसली, तर तेही स्वतःशी मान्य कर. खुल्या गटाला वयाची मर्यादा 38 आहे. नुसत्या मिरवणुकीच्या ओढीवर तिथपर्यंत वाट बघत राहिलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत, आणि तुझं तसं होऊ नये म्हणून जीव तुटतो.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे शेतरस्त्यांच्या सुनावण्या आहेत. दोन दिवस ये आणि मागच्या बाकावर बसून ऐक. बाबांना यातलं काही बोलले नाही, त्यांच्याशी तूच बोल. मेसचे पैसे खात्यात टाकलेत.

तुझी,
आई