समितीपुढे म्हणणे मांडायचे तर

महोदय,

विधी व न्यायविषयक संसदीय स्थायी समितीकडे विधेयक गेले, की सूचना मागवणारी जाहिरात निघते. मुदत बहुधा १५ दिवसांची. बार असोसिएशन, संस्था, नागरिक कोणीही निवेदन पाठवू शकतात, पण बरीच निवेदने नुसता निषेध नोंदवतात आणि तिथेच वाया जातात. समिती विधेयक कलमवार तपासते. त्यामुळे कलम क्रमांक, सध्याचा मजकूर, सुचवलेला मजकूर आणि दोन ओळींत कारण, एवढे हवेच. तोंडी साक्ष द्यायची असल्यास निवेदनातच तसे लिहावे. बोलावायचे की नाही, हे समिती ठरवते. निवेदन समितीच्या दप्तरी गोपनीय राहते, म्हणून ते परस्पर छापायला देऊ नये.

समितीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात. बैठका बंद दाराआड होतात. सदस्य पक्षादेशाविना मोकळेपणी बोलतात, हा त्याचा खरा फायदा, आणि तो टिकावा. मात्र अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवल्यानंतर साक्षींचे शब्दशः इतिवृत्तही संकेतस्थळावर नियमाने यावे. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. कोणती सूचना का डावलली, हे लोकांना त्या इतिवृत्तावरूनच ताडून पाहता येईल.

— एक वाचक