हॉटेल ग्रीन, पण रूम बॉयला कुणी विचारलंय का?

संपादक साहेब, नमस्कार.

हॉटेलांना मिळणाऱ्या ग्रीन, म्हणजे पर्यावरण जपतात अशा सर्टिफिकेटच्या बातम्या पेपरात अधूनमधून येतात, फोटोत मालक, जनरल मॅनेजर आणि मधे ती चकचकीत फ्रेम. मी महाबळेश्वरला हाउसकीपिंगमध्ये उभी हयात काढली, सुपरवायझर म्हणून रिटायर झालो, त्यामुळे त्या फोटोत कोण नाहीये ते मला लगेच दिसतं.

बाथरूममधलं ते कार्ड तुम्ही बघितलं असेल, पाणी वाचवा, टॉवेल परत वापरणार असाल तर हुकला लटकवा. गेस्ट बिचारा मनापासून लटकवतो. पण रूम बॉयच्या चेकलिस्टवर "सगळं लिनन (चादरी, टॉवेल) बदललं" एवढी एकच चौकट असते आणि तिथे टिक करावीच लागते. एखाद्याने टॉवेल जुना आहे म्हणून रिसेप्शनला फोन केला तर मेमो त्या पोराला, आणि दिवसभरात वीस टॉवेल धुवायचे वाचले तर त्याचं कौतुक कुणालाच नाही, मग तो काय करणार, सगळं ओढतो आणि ट्रॉलीत टाकतो. शिफ्टला चौदा-पंधरा खोल्या असतात हो, चेकआउटची घाई वेगळीच.

एसीचं तसंच. गेस्ट यायच्या आधी खोली गार पाहिजे अशी वरून ऑर्डर, म्हणून दाराजवळच्या कीकार्डच्या खाचेत, जिथे कार्ड असलं तरच खोलीतली वीज चालू राहते, कुठलं तरी जुनं कार्ड खुपसून एसी 18 वर चालू ठेवायचा (महाबळेश्वरला! असो). तापमान एक डिग्री वाढवलं की साधारण 6 टक्के वीज वाचते असं सरकारचंच ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतं, पण ते त्या पोराला कुणी सांगितलंय?

किचनचं तर बोलायलाच नको. दिवसाला 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी ओला कचरा शक्यतो स्वतःच्या आवारातच जिरवायचा हे 2016 च्या नियमांत आलं, तळणीच्या तेलात पोलर कंपाउंड (तेल परत परत तापवून तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की ते तेल परत वापरायचं नाही हे 2018 पासून आहे. कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात लग्नाची पार्टी रात्री एकला संपते, उष्टी ताटं काढायला कॉन्ट्रॅक्टरची दोन पोरं, एक ओडिशाचा एक जावळीचा, भिंतीवर सूचना इंग्रजीत, आणि सकाळी सहाला नाश्त्याचा बुफे लावायचा. सगळं एकाच काळ्या पिशवीत जातं. मी त्या पोरांना दोष देत नाही.

विठ्ठल कामतांनी विलेपार्ल्याला ऑर्किड हॉटेल काढलं, त्याला इकोटेलचा, म्हणजे पर्यावरणपूरक हॉटेलचा दर्जा मिळाला ती नव्वदच्या दशकातली गोष्ट, म्हणजे आपल्याकडे ही कल्पना काही नवी नाही. तरी बाकीच्या बऱ्याच ठिकाणी ग्रीन म्हणजे सोलर पॅनल आणि बांबूचे ब्रश एवढंच, स्टाफ त्यात कुठे येतच नाही.

खरं तर करायचं फार नाहीये. चेकलिस्टमध्ये "गेस्टने ठेवायला सांगितलं" अशी दुसरी चौकट टाका आणि त्यावरून मेमो देणार नाही असं ब्रिफिंगला सगळ्यांसमोर सांगा. बहुतेक हॉटेलांत टिपचा डबा असतो, महिन्याच्या शेवटी सगळ्यांत वाटला जातो, त्याच डब्यात वाचलेल्या लाइटबिलाचा थोडा हिस्सा टाका, गेल्या मे महिन्याचं बिल आणि यंदाचं, भरलेल्या खोल्यांच्या हिशोबाने ताडून बघा. बघा मग खाचेतली कार्डं कशी आपोआप गायब होतात ते. आणि पावसाळ्यात अर्धा स्टाफ घरी पाठवून दिवाळीला नवी पोरं भरायची हे जरा थांबवा, नाहीतर शिकवलेलं दर वर्षी परत शून्यावर. तेच चार महिने ट्रेनिंगला बरे, मराठी-हिंदीतून, आणि तेही ज्याच्या हातात कचऱ्याचा डबा असतो त्याला.

अजून एक. लॉबीत काचेच्या बाटल्या, पण मागे स्टाफ कॅन्टीनमध्ये चहा प्लॅस्टिकच्या कपात, हे मी बघितलंय. असं असल्यावर त्या पोराला गेस्टसमोर पर्यावरणावर बोलायला लावता तेव्हा तो मनात हसतो.

तुमच्या वार्ताहराला एवढीच विनंती, पुढच्या वेळी अशी बातमी करायला गेलात तर मागच्या दाराने जा आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या एखाद्या पोराला विचारा, ओला कचरा कुठल्या डब्यात टाकतोस, आणि तो वेगळा करायला तुला वेळ कधी देतात.

– एक रिटायर हाउसकीपिंग सुपरवायझर, महाबळेश्वर